‘लघुदिन वनस्पती’ आणि ‘दिनमान’

विचारणा अशी आहे की, शेवंतीला ‘लघुदिन वनस्पती’, म्हणजे दिवस लहान असताना फुलणारी वनस्पती, म्हणतात तेव्हा बारा तासांहून लहान दिवस अभिप्रेत असतो का, आणि ‘दिवसाची लांबी’ म्हणण्याऐवजी ‘दिनमान’ हा शब्द चालेल का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. या संज्ञेतील ‘लघु’ बारा तासांच्या तुलनेत नसून त्या त्या वनस्पतीच्या स्वतःच्या निर्णायक मर्यादेच्या तुलनेत आहे. शंकेश्वर या तणाला दिवस सुमारे साडेपंधरा तासांहून लहान असला की फुले येतात, म्हणून ते लघुदिन. खुरासानी ओव्याला सुमारे अकरा तासांहून मोठा दिवस लागतो, म्हणून तो दीर्घदिन. परिणामी तेरा तासांच्या एकाच दिवसात या दोन्ही वनस्पती फुलू शकतात, आणि तरीही त्यांची नावे परस्परविरोधी राहतात. वाचकांचा गोंधळ होतो तो नेमका येथे.

ही नावे 1920 साली गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून रूढ झाली. ‘मेरीलँड मॅमथ’ जातीची तंबाखू उन्हाळ्यात नुसतीच वाढत राही, हिवाळ्यात हरितगृहात मात्र फुले. रोपे रोज काही तास अंधारात ठेवून दिवस आखूड केला, तेव्हा ती उन्हाळ्यातही फुलली. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर दाखवून दिले की, लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश दिला तर फुले येत नाहीत, दिवसाच्या मध्ये अंधार केल्याने मात्र काहीही बिघडत नाही. म्हणजे वनस्पती मोजते ती अखंड रात्र. शेवंतीचा बहर पुढे ढकलण्यासाठी उत्पादक मध्यरात्री दिवे लावतात ते याच कारणाने. अर्थाच्या दृष्टीने ‘दीर्घरात्र वनस्पती’ हे नाव अधिक अचूक ठरले असते. परंतु रूढ संज्ञा आता बदलू नये, असे माझे मत आहे.

‘दिनमान’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मराठीत ‘दिवस’ म्हणजे चोवीस तासही आणि उजेडाचा काळही. पंचांगातील ‘दिनमान’ मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचाच काळ सांगते, आणि तीस घटींचे दिनमान म्हणजे बरोबर बारा तास. पुण्याचे दिनमान वर्षभरात सुमारे अकरा ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान बदलते, हे वाक्य त्यामुळे निःसंदिग्ध होते. वृत्तपत्रांतील राशिभविष्यामुळे या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला असला, तरी शेतीविषयक लेखनात तो आड येणार नाही.

एक मर्यादा मात्र पाळावी. वनस्पतींना संधिप्रकाशही जाणवतो, आणि हरितगृहात दिव्यांचा उजेड असतो. तेथे ‘प्रकाशकाल’ म्हणावे. प्रकाश आणि अंधाराच्या कालावधीला वनस्पती देतात त्या या सगळ्या प्रतिसादाला ‘दीप्तिकालिता’ हा पारिभाषिक शब्द आहेच. ‘लघुदिन’ हा सामासिक शब्द असल्याने तो जोडूनच लिहावा.