मारुतीराया रागावला म्हणून मी हरले का?

खेळाडूंबरोबर समुपदेशक म्हणून काम करू लागल्यापासून एक प्रश्न मी इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या तोंडांनी ऐकला आहे की, आता तो शब्दांत येण्यापूर्वीच समोरच्याच्या चेहऱ्यावर मला दिसू लागतो. "देवानं माझ्याच बाबतीत असं का केलं?" असे कबड्डीचा चढाईपटू विचारतो. "आमच्या कुलदैवताचं काही करायचं राहून गेलं असेल का?" असे जलतरणपटूची आई दबक्या आवाजात विचारते. प्रशिक्षकांची तक्रार असते की, मुलगा जिंकला तर सगळे श्रेय देवाला देतो आणि हरला तर देवावर रुसतो, पण या दोन्हींच्या मध्ये स्वतःच्या खेळाबद्दल बोलायला तो तयारच होत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. २८ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकन फुटबॉलमधील बफेलो बिल्स संघाच्या स्टीव्ही जॉन्सनच्या हातून जादा वेळेत विजय मिळवून देणारा चेंडू निसटला आणि संघ हरला. त्यानंतर त्याने ट्विटरवर थेट देवालाच विचारले होते की, मी अहोरात्र तुझे गुणगान करतो आणि तू माझ्याशी असा वागतोस? दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि डबडबलेल्या डोळ्यांनी येशूचे आभार मानले. त्याच ओघात तिने आई-वडिलांचे आणि प्रशिक्षकांचेही आभार मानले आणि त्या दिवसांत आपण किती अस्वस्थ होतो, किती वेळा रडलो, हेही मोकळेपणाने सांगितले. त्या सामन्यानंतर पालक मला विचारू लागले की, देवाला श्रेय देणे चांगले की वाईट? त्याचे उत्तर मी एका मुलीच्या अनुभवातून देते. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी ते लिहीत आहे.

ती १९ वर्षांची, सातारा जिल्ह्यातील एका गावातली, ५३ किलो गटात लढणारी कुस्तीगीर. तिला घेऊन तिचे वडील आले होते. गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसण्याची पद्धत. एका निवड चाचणीच्या शेवटच्या कुस्तीत ती हरली होती आणि त्यानंतर तिची झोप उडाली होती. सरावात मॅटच्या कडेजवळ गेली की तिचे हात आपोआप सैल पडत आणि वस्तादांनी कितीही ओरडून सांगितले तरी पकड पुन्हा घट्ट होत नसे.

ती कुस्ती समजून घेणे आवश्यक आहे. प्रतिस्पर्धी मुलगी आक्रमण करत नव्हती म्हणून नियमाप्रमाणे हिला एक गुण मिळाला होता आणि १–० अशी आघाडी घेऊन ही शेवटच्या मिनिटापर्यंत आली होती. अवघे नऊ सेकंद उरलेले असताना ती कडेला ढकलली गेली, तिचा पाय रेषेबाहेर पडला आणि समोरच्या मुलीला एक गुण मिळाला. १–१ अशी बरोबरी झाली की शेवटचा गुण ज्याचा त्याचा विजय, असा नियम आहे. पाठ टेकली नाही, पट निघाला नाही, म्हणजे पाय धरून कोणी तिला पाडले नाही, आणि तरीही वर्षाची मेहनत त्या नऊ सेकंदांत हातची गेली.

पहिल्या दोन भेटींत मी त्या नऊ सेकंदांबद्दल विचारत राहिले. पाय कसा होता, श्वास कसा होता, मनात काय चालले होते, या प्रत्येक प्रश्नाला तिचे एकच उत्तर होते: "देवाच्या मनात नव्हतं, मॅडम." हे वाक्य ती शांतपणे म्हणत असे आणि त्यानंतर संभाषणाच्या दाराला आतून कडी लागत असे. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या परंपरेत शिकलेली आहे. घटनेपेक्षा तिला आपण चिकटवलेला अर्थ माणसाला अधिक छळतो, ही त्या परंपरेची मूळ धारणा माझ्या हाडीमाशी रुजलेली आहे. या वाक्यामागे तिने स्वतःसाठी आणखी काही अर्थ लपवून ठेवला आहे, असे मला वाटत होते, परंतु पराभवाच्या बाजूने त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सापडत नव्हती.

तिसऱ्या भेटीत मी पराभव बाजूला ठेवला आणि आदल्या वर्षी जिंकलेल्या अंतिम कुस्तीबद्दल विचारले. ती लगेच म्हणाली, "ती मारुतीरायानं जिंकवली." मी तितक्याच मनापासून विचारले, "मग मला दाखव, त्याचा हात तुला नेमका कुठे कुठे जाणवला?"

तिने हा प्रश्न पूर्ण गांभीर्याने घेतला. चपला काढून ती माझ्या खोलीतल्या सतरंजीवर उभी राहिली आणि समोर प्रतिस्पर्धी असल्यासारखी वाकली. "इथं तिनं माझी मान दाबली. मी मान वर काढायला गेले असते तर संपलं होतं, म्हणून मी आणखी खाली गेले. हा गुडघा टेकला. इथं घोटा हाताला लागला." ती थांबली आणि मग हळूहळू म्हणाली, "घोटे बांधून दोनदा फिरवलं तिला. हे वस्तादांनी आठ महिने रोज करून घेतलं होतं. पहाटे पाचला. मला कंटाळा यायचा." देवाचा हात शोधता शोधता ती स्वतःच्या हातांपर्यंत आली होती. मी काहीच बोलले नाही, कारण अशा वेळी समुपदेशकाचे सर्वांत मोठे काम गप्प राहणे हेच असते.

ती कुस्ती नेमकी कधी झाली, हे पाहण्यासाठी तिने पिशवीतून वही काढली. पुठ्ठ्याचे कव्हर, कोपरे दुमडलेले, आणि प्रत्येक पानावर सकाळ-संध्याकाळचे वजन शंभर ग्रॅमपर्यंत नोंदवलेले: ५४.१, ५३.८, ५३.४. काही तारखांपुढे लाल पेनाने लहानसा ठिपका होता. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी साठून वजन वाढलेले दिसते, म्हणून अनेक मुली असे ठिपके ठेवतात. तिने पाने उलटली, बोट एका ओळीवर ठेवले आणि ते तसेच राहिले. त्या तारखेपुढे लाल ठिपका होता.

"त्या दिवशी पण होती," ती म्हणाली. आणि मग जे दोन भेटींत आले नव्हते, ते आले. हरलेल्या दिवशी तिला पाळी आली होती. कोणालाही न सांगता ती तालमीतल्या मारुतीच्या पाया पडली होती, अंगारा लावला होता, दंडातला काळा दोरा तसाच ठेवला होता. गावातली काही माणसे आधीपासूनच म्हणत होती की, मारुती ब्रह्मचारी, त्याच्या तालमीत पोरींनी पाय ठेवू नये. पाय रेषेबाहेर पडला त्या क्षणी तिला वाटले, हीच ती शिक्षा. हे ती आईलाही बोलली नव्हती. "देवाच्या मनात नव्हतं" या वाक्याचा तिच्यापुरता खरा अर्थ "मी विटाळ केला" असा होता.

मी एवढेच विचारले, "गेल्या वर्षी याच दिवसांत तू याच मारुतीच्या पाया पडलीस आणि जिंकलीस. तेव्हा हा ठिपका तुला का दिसला नाही?" ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "जिंकल्यावर कोण वही उघडतं, मॅडम?"

माझ्या कामातील काही समज मला ग्रंथांनी दिली आहे आणि काही अशा वाक्यांनी. जिंकल्यावर आपण वही उघडत नाही, म्हणून विजय अख्खाच्या अख्खा देवाच्या खात्यावर जमा होतो. ज्याच्या खात्यावर विजय जमा, त्याच्याच खात्यावर पुढे पराभवही मांडला जातो आणि शेवटी कारण शोधत शोधत माणूस स्वतःचा गुन्हा शोधू लागतो. खेळाडूला पराभवातून बाहेर काढायचे असेल, तर आधी त्याच्या विजयाची वही उघडावी लागते, हे तेव्हापासून माझ्या कामाचे सूत्र बनले आहे आणि ते मला त्या मुलीने दिले, हे मी अभिमानाने सांगते.

पाळीमुळे कोणीही अपवित्र होत नाही, हे मी तिला स्वच्छ शब्दांत सांगितले, कारण अशा वेळी मोघम बोलणे हा समोरच्यावर अन्याय असतो. त्यानंतर आम्ही हरलेल्या दिवसाचे पान उघडले. आदल्या दुपारपासून वजन बसवण्यासाठी तिने पाणी जवळजवळ बंद केले होते. सकाळी वजन झाल्यावर जे खाणे-पिणे भरून काढायचे असते ते तिने केले नव्हते, कारण तो शनिवार होता आणि तिला मारुतीचा उपवास होता. पोटात कळा येत होत्या, तेही तिने वस्तादांपासून लपवले होते. सहाव्या मिनिटाला तिचे पाय का ढिले पडले, याचे उत्तर शोधायला शिक्षा देणाऱ्या देवाची गरजच नव्हती. मात्र "देवाच्या मनात नव्हतं" या वाक्याने हे सगळे इतके दिवस झाकून ठेवले होते.

पुढच्या भेटीला मी वडिलांनाही आत बोलावले. पाळीबद्दल ती स्वतःच त्यांच्याशी बोलली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला भीती होती की त्यांना हे बोलणे देवाविरुद्धचे वाटेल. ते म्हणाले, "मॅडम, मी रोज ज्ञानेश्वरी वाचतो. अठराव्या अध्यायात भगवंतानं कुठलंही कर्म घडायची पाच कारणं सांगितली आहेत." आणि त्यांनी श्लोक म्हटला:

अधिष्ठानं तथा कर्ता करणं च पृथग्विधम्।
विविधाश्च पृथक्चेष्टा दैवं चैवात्र पञ्चमम्॥

"शरीर, करणारा, हातपाय-इंद्रियं, तऱ्हेतऱ्हेची खटपट आणि पाचवं दैव," त्यांनी मुलीकडे पाहून बोटे मोजली. "दैव आहेच, बाळ. पण ते पाचवं आहे. तू पहिली चार सोडून थेट पाचव्याला जाब विचारायला गेलीस."

माझ्या विचारपद्धतीला जे सांगायला अनेक भेटी लागल्या असत्या, ते त्या गृहस्थांनी एका हाताच्या बोटांवर मांडले. पुढच्या पानांवर ती वजनाच्या खाली पाच ओळी लिहू लागली आणि पाचवी ओळ तिने मारुतीसाठी कोरी ठेवली.

असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना आणि प्रशिक्षकांना मला काही सांगावेसे वाटते. मुलाची श्रद्धा काढून घेण्याचा प्रयत्न करू नका. मॅटवर उतरण्यापूर्वी हात जोडून डोळे मिटणे हे अनेकांसाठी श्वास जागेवर आणण्याचे साधन असते आणि ते मोडले तर त्या जागी ठेवायला आपल्याकडे बहुधा काहीच नसते. बदलायचीच असेल तर प्रार्थनेतली मागणी बदलता येते. "मला जिंकू दे" असे म्हणणाऱ्या मुलाचे लक्ष निकालावर खिळते आणि निकाल त्याच्या हातात नसतो. "माझे पाय आत राहू देत, माझा श्वास टिकू दे" असे म्हणणारे मूल देवासमोर उभे राहूनच स्वतःच्या कामाची उजळणी करते. नवस हा सौदा होऊ लागला, तो फेडला नाही म्हणून भीती वाटू लागली, की मात्र लक्ष द्यायला हवे, कारण ती भीती मूल सहसा बोलून दाखवत नाही.

हरलेल्या रात्री "देवाची इच्छा नव्हती" असे आजीने म्हटले तर म्हणू द्यावे. त्या रात्री त्या वाक्यात माया असते आणि मुलाला तीच हवी असते. महिन्याभरानंतरही तेच वाक्य चालू राहिले, तर ते मायेचे राहत नाही, त्याच्या आड काहीतरी दडलेले असते. तेव्हा उलटतपासणी न करता एखाद्या जिंकलेल्या सामन्याबद्दल विचारावे आणि तपशिलात, अगदी हातापायांच्या तपशिलात, ऐकावे. मुलींच्या बाबतीत पाळी, वजन आणि उपवास या तीन गोष्टी मोकळेपणाने बोलता येतील अशी निदान एक व्यक्ती तालमीत किंवा संघात असायलाच हवी. ती नसेल तर कोणतीही मानसिक तयारी अर्धीच राहील, असे माझे ठाम मत आहे.

त्या मुलीने शनिवारचा उपवास सोडला नाही. स्पर्धा शनिवारी आली तर तो सोमवारी करायचा, असे तिने वडिलांना विचारून ठरवले आणि तालमीत जाऊन मारुतीलाही सांगून आली.

गेल्या महिन्यात रात्री तिचा फोन आला. "हरले, मॅडम. चार-सहा. डावा पाय पुढे राहिला आणि तिनं पट काढला. वस्ताद म्हणाले, सोमवारपासून उभं राहायची ढबच बदलायची."

मी विचारले, "मारुतीकडे जाऊन आलीस?"

"आले ना. नारळ फोडला. आई म्हणाली, हरल्यावर कुठं नारळ फोडतात का? मी म्हटलं, त्याच्या आधीच्या दोन जिंकल्यात, त्यांचा फोडते. खोबरं वाटलं सगळ्यांना तालमीत."