पैसे कसे घ्यायचे हे काम घ्यायच्या आधीच ठरव

अगं,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून निवांत लिहितेय. तिन्ही क्लायंट तीन वेगवेगळ्या प्रकारे पैसे देतो म्हणतायत आणि तू विचारतेयस की सगळ्यांना एकच पद्धत सांगू का. माझं स्पष्ट मत आहे, नको सांगूस. समोरच्याकडे बिल कोण बघतं, कधी बघतं आणि पैसे सोडायची सही कोणाची, हे आधी विचारायचं आणि त्याप्रमाणे ठरवायचं, आणि तेही काम सुरू व्हायच्या आधी, कारण एकदा फायनल फाइल त्यांच्या हातात पडली की मग तुझ्या फोनची कोणाला घाई नसते.

लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानाचं सोपं आहे. मालक स्वतः गल्ल्यावर बसतात, मनात आलं की तिथल्या तिथे यूपीआय करतात, तिथे यूपीआयच घे. फक्त अर्धे पैसे आधी. ॲडव्हान्स मागताना "चालेल ना काका?" असं विचारायचं नाही, कोटेशनमध्येच लिहायचं की ५० टक्के आल्यावर काम सुरू होईल, म्हणजे मग ती तुझी मागणी राहत नाही, अट होते. आणि कोणीही नवा माणूस क्यूआर पाठवून म्हणाला की स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुम्हाला पैसे येतील, तर सरळ फोन ठेव, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

खरं लक्ष दे त्या भोसरीच्या कंपनीकडे. तिथे तुझ्याशी बोलणारा मार्केटिंगचा माणूस कितीही चांगला असला तरी पैसे त्याच्या हातात नसतात, ते अकाउंट्समध्ये असतात. ते आधी तुला व्हेंडर म्हणून सिस्टीममध्ये घेणार, पॅन आणि कॅन्सल्ड चेक मागणार, मग पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर (पर्चेस ऑर्डर), निघणार. पीओ हातात आल्याशिवाय काम सुरू करू नकोस आणि पीओ नंबर बिलावर ठळक टाक. आमच्या ओळखीतल्या एका फोटोग्राफरचं बिल मी स्वतः एका ऑफिसात ट्रेच्या तळाशी पडलेलं पाहिलंय, कोपऱ्यात पेन्सिलने फक्त "पीओ?" लिहिलेलं, त्याला कोणी फोन केला नव्हता की मेल, आणि तिथे पेमेंट महिन्यातून एकदाच सुटायचं, म्हणजे ती तारीख गेली की थेट पुढचा महिना.

त्यांच्याकडून ६०,०००च्या बिलाचे ५४,००० आले तर घाबरू नकोस. प्रोफेशनल फीवर १० टक्के टीडीएस कापून ते तुझ्या पॅनवर सरकारकडे भरतात, एका वर्षात एका कंपनीकडून ५०,०००च्या वर रक्कम गेली की कापावाच लागतो. ते पैसे तुझेच आहेत, रिटर्न भरताना टॅक्समधून वजा होतात, जास्त कापले असतील तर परत येतात. पण कापलेला टीडीएस खरंच भरला का, हे दर तीन महिन्यांनी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुझ्या पॅनवरच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक, उघडून बघायचंच.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, आत्ताच करून ठेव, ऑनलाइन आहे, फुकट आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुझ्यासारख्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. शिवाय एप्रिल २०२४पासून नियम असा आहे की ही मुदत चुकवली तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चजवळ अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यमचं सर्टिफिकेट मागतात. पहिल्याच मेलमध्ये कायदा काढू नकोस, बिलाखाली उद्यम नंबर छापलेला असला तरी समजणाऱ्याला समजतं. "आमच्याकडे ९० दिवस लागतात" याला मान डोलवू नकोस एवढंच.

आता जर्मनीचा क्लायंट. पेपॅल तो म्हणतोय कारण त्याला सोपं आहे. तुला मात्र चार टक्क्यांच्या वर फी जाते, वर युरोचे रुपये करताना त्यांचा रेट बाजारापेक्षा कमी असतो, आणि पैसे दिल्यावर १८० दिवसांपर्यंत त्याला तक्रार टाकता येते. थेट बँकेत स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरने) मागवलेस तर मधली बँक तिचा चार्ज कापू शकते आणि तुझी बँक युरोचा रेट कमी देऊन आपलं काढून घेते. एका युरोमागे दोन रुपये कमी मिळाले तरी ५०० युरोंवर हजार रुपये गेले, आणि ते स्टेटमेंटवर चार्ज म्हणून कुठे दिसतही नाहीत, म्हणून फी विचारायच्या आधी रेट विचार. काही सेवा तुझ्या नावाने युरोचे अकाउंट डिटेल्स देतात, मग त्याला ते तिकडच्याच ट्रान्सफरसारखं पडतं, मला हा मार्ग सगळ्यात पटतो. पण कोणताही घेतलास तरी प्रत्येक पेमेंटचं एफआयआरए (फॉरेन इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस) मिळतं का ते आधी बघ, पैसे परदेशातून आल्याचा तोच पुरावा. तुझी उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची सक्ती नाही, पण पुढे नंबर घेतलास की एक्स्पोर्ट सिद्ध करायला हेच कागद लागतील, तेव्हा पहिल्या बिलापासून फोल्डर कर.

त्याला आजच मेल टाक, पेपॅलला हो म्हणायच्या आधी. बिल युरोत असेल, ट्रान्सफरचा खर्च त्याचा असेल, ४० टक्के आधी आणि बाकी फायनल फाइल द्यायच्या आधी, एवढं लिही. मेलचा ड्राफ्ट मला पाठव, संध्याकाळी बघून देते.

तुझी,
ताई