तयार क्वेरी चालवण्याआधी

ताई, सिव्हीसीआरएमसाठी (संस्थेचे संपर्क आणि देणग्या सांभाळायचं सॉफ्टवेअर) कुणी दिलेली तयार क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, थेट चालू डेटाबेसवर टाकू नका. आधी बॅकअपच्या कॉपीवर चालवून बघा. त्यात ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ दिसलं की हात आवरा, त्याने नोंदी बदलतात किंवा पुसल्या जातात.

देणग्यांची बेरीज काढताना तीन अटी असायलाच हव्यात: ‘इज टेस्ट’ शून्य (म्हणजे चाचणीच्या नोंदी नकोत), स्टेटस ‘कम्प्लीटेड’ आणि डिलीट केलेले संपर्क वगळलेले. माझ्या पहिल्या बेरजेत पेंडिंग रकमाही धरल्या गेल्या होत्या. पावतीपुस्तकाशी ताळा घेतला तेव्हा कळलं. तारखाही बघा, बाहेरच्या क्वेरीत वर्ष बरेचदा जानेवारीपासून धरलेलं असतं, आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च. आणि गेल्या वर्षी दिलं पण यंदा नाही, असे देणगीदार शोधायला क्वेरी लागतच नाही, ‘लायबंट’ नावाचा रिपोर्ट तयारच असतो.