महामार्गावरची तार, ट्रक आणि लेकीचं इंजिनिअरिंग

पनवेलच्या एका वाहतूक व्यावसायिकांचं पत्र आलं आहे. त्यांचे चार ट्रेलर न्हावा शेवा ते चाकण या मार्गावर चालतात. मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत महामार्गावर ओव्हरहेड वायर टाकून ट्रक चालवतात, असा व्हिडिओ तिने पाहिला आणि तेव्हापासून "मला हेच करायचंय" हा एकच धोशा लावला आहे. डिग्री, मग जर्मनीत मास्टर्स, असा तिचा बेत आहे. तळोज्याच्या एका विजेच्या पॅनलच्या कारखान्याची नोकरीही हातात आहे. वडील विचारतात: "तो प्रयोग तर बंद पडला म्हणतात. बंद पडलेल्या गोष्टीमागे मुलीला धावू द्यायचं का? एक एजंट २५ लाखांचं कर्ज काढा म्हणतोय. शिवाय हे काम म्हणजे रात्री-अपरात्री खांबावर चढायचं. मुलीच्या जातीला ते जमेल का?"

सप्रेम नमस्कार,

तुम्ही स्वतः डिझेलचा हिशोब रोज करता, त्यामुळे आधी त्या प्रयोगाबद्दल बोलू.

सार्वजनिक रस्त्यावर ट्रकसाठी पहिली तार स्वीडनमध्ये लागली. २०१६ साली, सांडविकेनजवळ ई-१६ महामार्गावर, जेमतेम २ किलोमीटर. पुढे २०१९ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्ट आणि डार्मश्टाट यांच्या दरम्यान ए-५ महामार्गावर तार आली, त्याच वर्षी ल्युबेकजवळ ए-१ वर आणि २०२१ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका घाटवजा रस्त्यावर. यंत्रणा सीमेन्सची, ट्रक बहुतेक स्कॅनियाचे. ट्रकच्या टपावर लोकलसारखा पँटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा. वर तार आहे हे सेन्सरने ओळखलं की तो उठतो, ताशी ९० किलोमीटरच्या वेगातही. ओव्हरटेक करायला ड्रायव्हरने लेन सोडली की आपोआप खाली बसतो. तारेखाली असताना ट्रक चालतोही आणि बॅटरीही भरते, तार संपली की बॅटरीवर पुढे.

ही कल्पना वेडी नव्हती. ४० टनांच्या ट्रकला सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण सव्वा ते दीड युनिट वीज लागते. ५०० किलोमीटर एका चार्जमध्ये जायचं तर सव्वासहाशे ते साडेसातशे युनिटची बॅटरी लागते आणि तिचं वजन काही टनांत जातं. तेवढा माल कमी भरायचा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. तार असेल तर बॅटरी खूप लहान चालते. जर्मनीत जवळपास १३,००० किलोमीटर ऑटोबान, म्हणजे द्रुतगती महामार्ग, आहे. त्यातल्या सर्वाधिक वर्दळीच्या ४,००० किलोमीटरवर तार टाकली तरी जड वाहतुकीचा मोठा भाग विजेवर येईल, असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं होतं.

मग हे थांबलं कशामुळे? ए-५ वरची चाचणी २०२४ च्या अखेरीस संपली आणि देशभर विस्तार करायचा निर्णय झाला नाही. तार तांत्रिकदृष्ट्या नापास झाली म्हणून हे घडलं नाही. दरम्यान बॅटऱ्या स्वस्त झाल्या. मेगावॅट क्षमतेचे चार्जर आले. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, कायदाच आहे तसा. त्या ४५ मिनिटांत ट्रक बराचसा चार्ज होत असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून किलोमीटरला वीस-तीस लाख युरो घालून तार कोण टाकणार? शिवाय तार नाही म्हणून तसे ट्रक कोणी घेत नाही आणि ट्रक नाहीत म्हणून तार कोणी टाकत नाही, हा पेच सुटला नाही.

माझं मत असं की लांब पल्ल्याच्या सपाट महामार्गावर बॅटरीने तारेला मागे टाकलंय. आपल्याकडेही नितीन गडकरी विजेच्या महामार्गाबद्दल अनेकदा बोलले आहेत, पण त्या आशेवर कोणीही करिअर बेतू नये. जिथे मार्ग ठरलेला, वर्दळ दाट आणि चढ उभा, तिथे मात्र तार अजून जिवंत आहे. उघड्या खाणींमध्ये अजस्र डंपर चढावर तारेवरून वीज घेतात. स्वीडनमधल्या आयटिक खाणीत आणि झांबियात हे काम चालू आहे.

आता लेकीबद्दल. तिला नेमकं काय आवडलं, ते तुम्ही तिला बसवून विचारा. तारेखालचा ट्रक म्हणजे तीन-चार वेगळ्या विद्यांचा मेळ आहे आणि त्यातली एकही विद्या बंद पडलेली नाही.

एक उदाहरण देतो, कारण ते तिलाही उपयोगी पडेल. रेल्वेला वर एकच तार पुरते, कारण विजेचा परतीचा रस्ता रुळांतून असतो. ट्रकला रबरी टायर. म्हणून वर दोन तारा लागतात, एक जाण्याची, एक येण्याची, आणि पँटोग्राफलाही दोन वेगळे स्पर्श हवेत. जर्मनीत विजेचा दाब होता ६०० ते ७५० व्होल्टच्या दरम्यानचा डीसी. टायरमुळे ट्रक जमिनीपासून अलग राहतो. आत कुठे इन्सुलेशन बिघडलं तर रेल्वेसारखा दोष थेट जमिनीत जाऊन ब्रेकर पडत नाही. सगळा सांगाडा विजेखाली येऊ शकतो, आणि खाली उतरणाऱ्या ड्रायव्हरचा एक पाय पायरीवर व एक जमिनीवर असतो. म्हणून ट्रकमध्ये तारेची बाजू आणि बॅटरीची बाजू यांच्यात विद्युत अलगाव करणारा कन्व्हर्टर (विजेचा दाब बदलून देणारं उपकरण) आणि इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा लागते. अशा कन्व्हर्टरची रचना करणं म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. दोष ओळखून वीज तोडणं म्हणजे प्रोटेक्शन. ही माणसं चार्जिंग स्टेशनला लागतात, मेट्रोला लागतात, सोलर प्लँटला लागतात, बॅटरी ट्रकला तर लागतातच. बंगळुरू आणि कोची मेट्रो ७५० व्होल्ट डीसीवरच चालतात, फक्त तिथे तारेऐवजी थर्ड रेल, म्हणजे रुळांशेजारची वीज देणारी पट्टी, आहे. पुणे आणि नागपूर मेट्रोच्या डोक्यावर २५ किलोव्होल्ट एसी आहे, मध्य आणि पश्चिम रेल्वेसारखंच.

आणि तुमच्या अंगणातलं सांगायचं तर न्हावा शेव्यात बॅटरी बदलून चालणारे जड ट्रक २०२५ मध्ये दाखल झाले, ते तुमच्या ड्रायव्हरांनी पाहिले असतील. केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एका विजेच्या ट्रकला ९.६ लाख रुपयांपर्यंत सवलत जाहीर झाली आहे. तुमच्याच धंद्यात पुढच्या दहा वर्षांत हे येणार. घरात ते कळणारं एक माणूस असणं ही साधी गोष्ट नाही.

तळोज्याची नोकरी नको, असं मी म्हणेन. वाईट म्हणून नाही, पॅनल वायरिंगमध्ये हात बसतो. पण कन्व्हर्टर डिझाइन किंवा प्रोटेक्शनच्या कामाला डिप्लोमावर सहसा कोणी घेत नाही आणि एकदा पगार सुरू झाला की परत वर्गात बसणं फार थोड्यांना जमतं. तिने डिग्रीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घ्यावा. शाखा साधी इलेक्ट्रिकल निवडावी. 'ईव्ही' नावाच्या नव्या चकचकीत शाखांपेक्षा जुन्या इलेक्ट्रिकलचा पाया पक्का असतो आणि रेल्वे, महापारेषण, मेट्रो यांच्या जाहिरातीत ती शाखा नावानिशी असते. मशिन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, ड्राइव्ह्ज, कंट्रोल हे चार विषय तिने जीव लावून करावेत. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत.

जर्मनीचं कर्ज आत्ता अजिबात काढू नका. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. खर्च आहे तो राहण्या-जेवणाचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात, हा सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा. २५ लाख सांगणारा एजंट बहुधा खासगी विद्यापीठ विकतोय. तुम्ही त्याला विद्यापीठाचं नाव लेखी मागा. पदवीनंतरही तिची इच्छा तेवढीच असेल तर डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठाने ए-५ च्या चाचणीचा अभ्यास केला आहे, ते नाव टिपून ठेवा. तोवर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनच्या परीक्षा देत बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकली तर तिथे नोकरी शोधताना फार फरक पडेल.

खांबावर चढण्याचं म्हणाल, तर ओव्हरहेड वायरची देखभाल खरंच रात्री ब्लॉक घेऊन होते. तो या कामाचा एक भाग आहे, आणि तो करणाऱ्या मुली आहेत. डिझाइन, चाचणी, सबस्टेशन नियंत्रण ही कामं दिवसाची आणि टेबलावरचीही असतात. पण कुठलं घ्यायचं ते तिला ठरवू द्या. "मुलीच्या जातीला" हे वाक्य तिच्यासमोर बोलू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

तिला माझ्याकडून एक गणित द्या. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत तुमचा ट्रेलर साधारण साडेपाचशे मीटर उंची चढतो. ४० टन वजन तेवढं वर न्यायला नुसत्या चढासाठी सुमारे ६० युनिट लागतात, घर्षण वेगळं. उतरणारा ट्रक त्यातली बरीच वीज परत देऊ शकतो. घाटातल्या त्या पट्ट्यात तार असती, आणि उतरणाऱ्याची वीज चढणाऱ्याला मिळाली असती, तर बॅटरी किती लहान करता आली असती? सबस्टेशन किती क्षमतेचं लागलं असतं? तुमच्या गाड्यांच्या फेऱ्या, वजनं, डिझेलच्या पावत्या तिला द्या. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यातून उभा राहतो, आणि मुलाखतीत तो सांगताना तिला पाठांतर करावं लागणार नाही.

आणखी एक. राज्यात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि तुमच्या प्रवर्गाला लागणारी प्रमाणपत्रं आत्ताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते आणि फॉर्मची मुदत कोणासाठी थांबत नाही.