ब्लूज स्केल येतं, पण सोलो स्केलसारखाच वाजतो?

अरे सहा सूर बोटात बसलेत ना, मग आता त्यातले तीनच घे. तू आल्टो सॅक्सोफोनवर ‘जी’ (G) सुरातला ब्लूज वाजवतोयस, म्हणजे सूर जी, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, डी, एफ. यातला डी फ्लॅट काढला की आपला राग धानीच उरतो, त्यामुळे कान आधीच तयार आहे असं समज. डी फ्लॅटवर मुक्काम करू नकोस, सी आणि डीच्या मधून जाता जाता त्याला स्पर्श करायचा, तिथेच खरी गंमत आहे.

ब्लूजच्या बारा बारच्या (मापांच्या) आवर्तनात पहिल्या चार बारमध्ये बी फ्लॅटवरून शुद्ध बीवर सरक, जबडा आधी किंचित सैल सोडून मग पूर्ववत आणत, मींड घेतो तसं. पाचव्या बारला साथीची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सी सेवन (C7) होते आणि तोच बी फ्लॅट तिचा कोमल नी बनतो, म्हणून तिथे तो बिनधास्त लांबव!

आणि प्लीज गॅप सोड रे. दोन बार वाजव, दोन बार गप्प, मग तोच फ्रेज (सुरांचं छोटं वाक्य) शेवट बदलून परत. जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही. जॅझ सॅक्सोफोनवादक स्टॅनली टरेंटाइन ऐक, सूर किती कमी आणि वजन किती ते कळेल.