वाचकांचे प्रश्न : स्कॉच, पाणी आणि आपापली आवड

गेल्या अंकात स्कॉच व्हिस्कीविषयीचे प्रश्न मागवले होते. इंदूर आणि आसपासच्या मराठी वाचकांनी मनमोकळी पत्रे पाठवली, त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. मध्य प्रदेशात मद्यपानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे हा मजकूर प्रौढ वाचकांसाठीच आहे.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी एक पेग घेतो आणि आजवर ब्लॅक लेबल किंवा टीचर्स यांच्यापलीकडे गेलो नाही. मुलाने लंडनहून येताना ग्लेनलिव्हेट १२ आणि लागावुलिन १६ अशा दोन बाटल्या आणल्या. पहिली आवडली. दुसरीचा वास घेताच दवाखान्यात शिरल्यासारखे वाटले. मुलगा म्हणतो, खरी स्कॉच हीच. माझी आवड कच्ची समजावी का? आपली स्वतःची आवडती स्कॉच कोणती, हेही कळवावे. — एक वाचक, साउथ तुकोगंज

आपली आवड कच्ची मुळीच नाही आणि आपले नाक तर फारच तल्लख आहे. लागावुलिन ज्या आय्ला बेटावर तयार होते, तेथे मोड आलेली बार्ली वाळवताना पीट जाळण्याची परंपरा आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचत गेलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. त्याच्या धुरातील फिनॉल वर्गातील द्रव्ये ओलसर दाण्याला चिकटतात आणि ऊर्ध्वपातनानंतरही त्यांचा काही अंश दारूत उतरतो. त्याच वर्गातले कार्बोलिक आम्ल जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जखमा निर्जंतुक करण्यासाठी वापरले होते. तेव्हा आपल्याला दवाखाना आठवला, हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबरच आहे. लागावुलिनच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, हे फिनॉल दहा लाखांत सुमारे ३५ भाग असतात आणि शेजारच्या आर्डबेगमध्ये सुमारे ५५. ग्लेनलिव्हेटच्या माल्टला मात्र हा धूर लावलेला नसतो, म्हणून तिच्यात फळांचा आणि मधासारखा वास मोकळेपणाने पुढे येतो.

आता आपल्या पत्रातील जी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली ती सांगतो. आपण ज्या दोन ब्लेंडेड, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्क्या मिसळून केलेल्या, व्हिस्क्या आजवर आवडीने घेत आलात, त्या दोन्हींमध्ये धूर आहे. ब्लॅक लेबलमध्ये आय्लावरच्याच कल ईला या डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की असते. टीचर्सचा कणा असलेली आर्डमोर ही डिस्टिलरी तर १८९८ मध्ये टीचर घराण्यानेच उभारली आणि तेथील बार्लीला आजही पीटचा धूर दिला जातो. याचा अर्थ, धूर आपल्याला आवडतोच, फक्त तो आमटीतल्या हिंगाइतका असावा लागतो. हिंगाची डबी नाकाशी धरली तर कोणीही मान मागे घेईल, पण तोच फोडणीत पडला की त्याच्याविना आमटी अळणी वाटते.

म्हणून लागावुलिन कपाटात मागे ठेवून देऊ नये. मधला टप्पा घ्यावा. स्काय बेटावरची टॅलिस्कर १० किंवा ऑर्कनीची हायलँड पार्क १२ यांपैकी एखादी मिळाली तर आधी ती काही संध्याकाळी घेऊन पाहावी. मग लागावुलिनचे पंधरा मिलिलिटर ग्लासात ओतावे, चमचाभर पाणी घालावे आणि दहा मिनिटे ग्लास तसाच राहू द्यावा. ओठ किंचित विलग ठेवून वास घ्यावा, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. आयोडीनचा पहिला झटका ओसरला की खाली मनुका, चहापत्ती आणि थोडी खारट चव सापडू लागते. एवढे करूनही ती आवडली नाही, तर ती आपल्यासाठी नाही आणि त्यात उणेपणा काहीच नाही. धुराचे प्रमाण हा खरेपणाचा निकष कधीच नव्हता. स्कॉटलंडमधील बहुसंख्य माल्ट आज धुराविनाच तयार होतात.

माझी स्वतःची आवड म्हणाल तर टॅलिस्कर १०. अल्कोहोलचे प्रमाण ४५.८ टक्के, सुरुवातीला गोड, मध्ये धूर आणि शेवटी घशाशी काळ्या मिरीचा चटका. हा चटका मला फार प्रिय आहे आणि तो पाण्याने पूर्ण विझू नये म्हणून मी थेंबच घालतो. सणासुदीला कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक मिळाली तर आनंदच. ती डिस्टिलरी आपली सगळी बार्ली अजूनही जमिनीवर पसरून, माणसांच्या हातांनी खालीवर करून मोडवते. पण चार मित्र जमले असता ब्लॅक लेबलच ठेवतो आणि त्यात तडजोड केल्यासारखे मला वाटत नाही. अनेक माल्ट आणि ग्रेन (इतर धान्यांच्या) व्हिस्क्या एकत्र करून वर्षानुवर्षे एकच चव राखणे ही मोठी कारागिरी आहे.

प्रश्न : जाणकार म्हणतात, व्हिस्की खोलीच्या तापमानाला आणि पाण्याविना घ्यावी, बर्फ आणि सोडा घालणे हा तिचा अपमान आहे. इंदूरच्या मे महिन्यात हे कसे जमावे? — एक वाचक, सुदामानगर

ज्या खोलीचे तापमान गृहीत धरून ही सूचना केली जाते ती खोली स्कॉटलंडमधली आहे, जेथे १८ अंश म्हणजे ऊबदार घर. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालीही ३४-३५ अंश असतात. अशा उष्णतेत ग्लासातून आधी अल्कोहोलची वाफ वर येते आणि बाकीचे सगळे वास तिच्याखाली दबून जातात. त्यामुळे उन्हाळ्यात बाटली घेण्याआधी पाऊण तास फ्रिजच्या दारात ठेवावी किंवा बर्फाचा एकच मोठा खडा घालावा. चुरा बर्फ मात्र टाळावा, कारण तो मिनिटांत वितळतो आणि शेवटचे घोट केवळ गार पाण्याचे लागतात.

पाण्याविषयी तर स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृती वापरून अभ्यास केला होता. धुरकट वासाला कारणीभूत असलेला ग्वायकॉल नावाचा रेणू, अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो आणि प्रमाण ५९ टक्क्यांच्या वर गेले की द्रवात खोल जातो, असे त्यांना आढळले. म्हणजे पाणी घातल्याने वास मरतो हे सरसकट खरे नाही, पिंपातून तशीच भरलेली कडक व्हिस्की तर पाण्यानेच उमलते. पाणी मात्र चांगले हवे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून, उघड्या भांड्यात गार करून वापरावे.

सोडा हा अपमान वगैरे काही नाही. जपानमध्ये उंच ग्लासात भरपूर बर्फ आणि सोडा घालून व्हिस्की घेणे ही जेवणाबरोबरची रूढ पद्धत आहे. ब्लेंडेड व्हिस्कीला सोडा उत्तम साथ देतो. महागडा, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेला माल्ट मी सोड्यात घालणार नाही, कारण ज्या मनुका-अंजिराच्या चवीसाठी पैसे मोजले तीच बुडबुड्यांत हरवते.

याच वाचकांनी चखन्याविषयीही विचारले आहे. आपल्या लौंग सेवेतील तिखट आणि जिरावन भुरभुरलेले गरमागरम गराडू यांवर माझाही जीव आहे, परंतु अल्कोहोल तिखटाची आग वाढवते आणि पेटलेल्या जिभेला माल्टमधले बारकावे कळत नाहीत. म्हणून सेव-गराडू ब्लेंडेड आणि सोड्याबरोबर, आणि माल्ट घ्यायचा असेल त्या दिवशी खारे बदाम किंवा साधे भाजलेले काजू.

प्रश्न : १२ वर्षांपेक्षा १८ वर्षांची व्हिस्की नेहमीच चांगली असते का? मग भारतीय सिंगल माल्टवर, म्हणजे एकाच डिस्टिलरीत केवळ माल्टपासून केलेल्या व्हिस्कीवर, वय का नसते? — एक वाचक, लोकमान्यनगर

कायद्याने स्कॉच किमान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरावी लागते आणि बाटलीवरचे वय हे तीतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. मुरताना चव घडवते ते लाकूड. अमेरिकेत बर्बन ही तिकडची व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच भरावी असा नियम असल्याने वापरलेली पिंपे स्वस्तात स्कॉटलंडला जातात आणि व्हिस्कीला व्हॅनिला, खोबरे असे वास देतात. शेरीची पिंपे सुक्यामेव्याची चव देतात. दमदार पिंपातील बारा वर्षे थकलेल्या पिंपातील अठरा वर्षांना सहज मागे टाकतात. शिवाय फार काळ मुरलेल्या व्हिस्कीत लाकडाचा तुरटपणाही येऊ शकतो. रंगावरही जाऊ नये, कारण स्कॉचमध्ये कॅरमलचा रंग मिसळण्यास कायद्याची परवानगी आहे.

भारतीय माल्टचा हिशेब हवामानावर ठरतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते, बेंगळुरूमध्ये दहा टक्क्यांच्या वर. लाकडाशी होणारा व्यवहारही तितकाच वेगवान असतो, त्यामुळे चार-पाच वर्षांतच माल्ट तयार होतो आणि वयाचा लहान आकडा छापून गिऱ्हाइकाचा गैरसमज करून देण्यात कंपन्यांना अर्थ वाटत नाही. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट पहिल्यांदा विक्रीला आणला तो थेट ग्लासगोमध्ये. हे धाडस मला आजही अभिमानास्पद वाटते. स्कॉच आवडणाऱ्या प्रत्येकाने अमृत फ्यूजन एकदा तरी घ्यावी, तीत भारतीय बार्लीबरोबर पीट दिलेली स्कॉटिश बार्लीही आहे.

प्रश्न : बाटलीवर भारतात बाटलीबंद असे छापलेले असेल तर ती अस्सल स्कॉच समजावी का? — एक वाचक, महू

होय. ब्लेंडेड स्कॉच मोठ्या टाक्यांतून आणून येथे बाटलीत भरता येते. टीचर्स, १०० पाइपर्स या अशाच येतात. सिंगल माल्ट मात्र नोव्हेंबर २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावा लागतो. किमतीविषयी विचारणाऱ्यांसाठी : जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारात आयातशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. परंतु दुकानातील किमतीत राज्याच्या अबकारी करांचा मोठा वाटा असतो, त्यामुळे बाटली लगेच निम्म्या किमतीत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : मला व्हिस्की आवडते, पण घरच्या बैठकीत माझ्यापुढे न विचारता वाइन ठेवली जाते. हे बायकांचे पेय नाही, असे दीरही म्हणतात आणि जाऊबाईही. दुसरे असे की, किती घेतलेली चालते? — एक वाचक, रामबाग

ताई, आपल्या दिरांना आणि जाऊबाईंना सांगावे की ते जी व्हिस्की वाखाणतात तिच्यामागे बायकांचेच हात आहेत. कार्डू ही डिस्टिलरी एलिझाबेथ कमिंग यांनी नव्याने बांधली आणि १८९३ मध्ये जॉनी वॉकरच्या कंपनीला विकली. आय्लावरची लॅफ्रॉइग १९५४ पासून बेसी विल्यमसन यांच्या मालकीची होती आणि धुरकट माल्टची कीर्ती अमेरिकेपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जॉनी वॉकरच्या आजच्या मिश्रणाची जबाबदारी २०२२ पासून एमा वॉकर सांभाळतात. जीभ कोणाची आहे यावर चव ठरत नाही, तेव्हा पुढच्या बैठकीत आपला ग्लास आपणच भरावा.

प्रमाणाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ४२.८ टक्क्यांच्या साठ मिलिलिटर पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याची मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला ११२ ग्रॅम, म्हणजे साडेपाच मोठे पेग, तेही तीन-चार दिवसांत विभागून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये त्याही पुढे जाऊन, पूर्णपणे सुरक्षित असे कोणतेच प्रमाण नाही, असे म्हटले आहे. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे आपण लिहिले आहे. त्यांनी डॉक्टरांना खरे प्रमाण सांगून विचारावे, आणि तोवर पेग घेऊ नये. मी स्वतः तीस मिलिलिटरचे माप वापरतो, हाताच्या अंदाजाने ओतत नाही. चांगला माल्ट तीस मिलिलिटरमध्ये अर्धा तास पुरतो.

प्रश्न : उघडलेली बाटली किती दिवस टिकते? — एक वाचक, पलसीकर कॉलनी

बंद बाटलीत व्हिस्की मुरत नाही आणि सहसा बिघडतही नाही. उघडल्यावर आत शिरणारी हवा तिची चव हळूहळू पातळ करते. बाटली अर्ध्याहून अधिक भरलेली असेल तर वर्षभर काळजी नको, तळाशी थोडीच उरली असेल तर काही महिन्यांत संपवावी किंवा स्वच्छ, कोरड्या, लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी. वाइनसारखी ती आडवी ठेवू नये, कारण इतके कडक अल्कोहोल बुचाला सतत लागत राहिले की बूच कुजते आणि एक दिवस उघडताना मोडते. गच्चीखालच्या खोलीतील तापलेले कपाट आणि स्वयंपाकघरातील ओट्यावरची फळी या दोन्ही जागा टाळाव्यात, खालच्या मजल्यावरचे बंद लाकडी कपाट सर्वांत उत्तम.