टाकीचं गणित करून पाठव

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनच लावणार होतो, पण फोनवर तू नुसती 'हो काका, हो काका' करतेस आणि विचारायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितो. पेपर संपल्यावर वाचलंस तरी चालेल.

उंच इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करायचं म्हणतेस, आणि पुढच्याच ओळीत लिहितेस की आपल्या गावात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी. हसू आलं. मी गाव सोडलं तेव्हा ती टाकीसुद्धा नव्हती.

मागच्या ऑक्टोबरात तुमच्या वावरातली ज्वारी लोळली ती आठवते? मी तेव्हा गावातच होतो. तुझे बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "नुसत्या वाऱ्यानं काही होत नव्हतं, आधी पाणी पडलं ना." मी वावरात उतरून पाहिलं. काही धांडे गुडघ्याइतक्या उंचीवर मोडले होते. काही मात्र अख्खे, मुळासकट, ओल्या मातीतून उपटून आडवे झाले होते. नुकसान सारखंच, पण कारणं दोन. पहिल्यात धांडा कमी पडला, दुसऱ्यात जमीन. उंच इमारतीत आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर हेच दोन हिशोब वेगवेगळे मांडतो: बुंध्याशी येणारा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, मधल्या कोअरच्या भिंतींना आणि कॉलमला पेलतो का, आणि अख्खी इमारत पायासकट कलंडायला बघते तेव्हा राफ्ट, म्हणजे पायाची सलग जाड लादी, आणि पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, तिला धरून ठेवतात का.

लोकांना वाटतं उंच इमारतीत भीती वजनाची. वजन बिचारं सरळ खाली जातं. छळतो तो वारा. इमारतींवरच्या भारांचं आपलं मानक आहे आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या वेगाचा नकाशा आहे, तो उघडून बघ. नागपूर आणि मुंबई एकाच आकड्याचे निघतील, सेकंदाला ४४ मीटर. समुद्र मुंबईला आहे, पण वावटळ-वादळाच्या बाबतीत आपलं विदर्भ काही गरीब नाही. आता ४४ चा वर्ग कर आणि ०.६ ने गुण. वाऱ्याचा दाब निघतो चौरस मीटरला १,१६२ न्यूटन, म्हणजे साधारण ११८ किलो. इमारतीची एक बाजू ३० मीटर रुंद आणि मजला ३ मीटर उंच धर. एका मजल्यावर साडेदहा टन झाले. शंभरावर क्विंटल कापूस, आणि तो डोक्यावर नाही, आडवा ढकलतोय. हा आकडा जमिनीजवळचा. वर जाशील तसा वारा वाढतो, आकाराचे गुणक वेगळे. असे साठ मजले मांड.

आणि उंची दुप्पट केलीस तर झुकणं दुप्पट होत नाही. बाकी सगळं तसंच ठेवलं तर टोकाचं झुकणं सोळापट होतं. तुऱ्हाटी हातात धरून बघ, पटतंय का ते. म्हणून चाळीस मजल्यांचं डिझाइन म्हणजे वीस मजल्यांच्या डिझाइनला आणखी वीस जोडलेले, असं नसतं. तिथे इमारतीचा सांगाडाच वेगळा विचारून काढावा लागतो.

हे ज्याला सगळ्यात आधी नीट उमगलं तो माणूस ढाक्याचा, फजलुर रहमान खान, जन्म १९२९. अमेरिकेत जाऊन त्यानं इमारतीचे कॉलम आतून काढून बाहेरच्या कडेला दाटीनं लावले, सगळी इमारत म्हणजे एक पोकळ नळी केली. मोडलेला ज्वारीचा धांडा सोलून बघितलास तर आत भुसभुशीत गर, सगळी ताकद बाहेरच्या सालीत. शिकागोची जॉन हॅनकॉक इमारत १९६९ ची, १०० मजली, बाहेरून मोठमोठ्या फुल्या मारलेल्या. मग सीअर्स टॉवर, ४४२ मीटर, त्यात नऊ नळ्या एकत्र बांधल्या आणि वर जाताना एकेक सोडत नेल्या. दुबईच्या ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफात तर दर टप्प्याला आकार बदलत नेलाय, म्हणजे वाऱ्याचे भोवरे सगळ्या उंचीवर एका तालात सुटून इमारतीला डोलवत नाहीत. इमारत पडेल याची भीती नंतरची. त्याआधी वरच्या मजल्यावरच्या माणसाला झोपेत डुलल्यासारखं होऊन मळमळतं. तैपेईच्या इमारतीत त्यासाठी ६६० टनांचा गोळा टांगलाय. माझं निम्मं आयुष्य अशा न दिसणाऱ्या झुकण्यात गेलं, आणि मला ते काम अजून आवडतं.

तू इमारतीचं मॉडेल करायचं ई-टॅब्स सॉफ्टवेअर शिकायला लागलीस, चांगलं केलंस. पण एक सवय आत्ताच लाव. मॉडेल रन करायच्या आधी कागदावर उत्तराचा अंदाज लिही. पायथ्याशी किती टन येतील, टोक किती मिलिमीटर हलेल, इमारतीचा एक झोका किती सेकंदाचा. चुकू दे. माझ्या ऑफिसात मुलं येतात, स्क्रीनवर रंगीत चित्र दाखवतात. मी विचारतो हा आकडा किती यायला हवा होता, तर सगळी पंख्याकडे बघतात. कॉम्प्युटरला तू कॉलमऐवजी कापसाची पऱ्हाटी दिलीस तरी तो चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देईल.

आता माझी एक गोष्ट. तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही. २००३ साली मुंबईत एका साइटवर तेराव्या मजल्याच्या कॉलमचं लोखंड तपासायला गेलो. काँक्रीटच्या गाड्या खाली उभ्या, ठेकेदाराचा माणूस घड्याळ दाखवतोय. दोन कॉलममध्ये उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं ९० अंशात वाकवलेली दिसली. आपलं भूकंपासाठीचं मानक आयएस १३९२० सांगतं १३५, म्हणजे टोक आत, काँक्रीटच्या गाभ्यात शिरलं पाहिजे. भूकंपात वरचं काँक्रीटचं कव्हर निघून पडलं की ९० ची रिंग उघडते आणि आतल्या उभ्या सळया बाहेर फुगतात. दोनच वर्षांपूर्वी, २६ जानेवारी २००१ ला, भूजचा भूकंप झाला होता आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खाली पार्किंग मोकळं ठेवलेल्या इमारती बसल्या होत्या. हे सगळं डोक्यात असून मी सही केली. गाड्या परत पाठवायची हिंमत झाली नाही, एवढंच.

रात्रभर झोप नाही. सकाळी साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, कॉलमचे नंबर लिहून दे. नंतर ते दोन्ही कॉलम चारी बाजूंनी नवं लोखंड आणि काँक्रीट लावून जाड केले, दर बाजूला १०० मिलिमीटर. खर्च कुणाचा यावर महिनाभर भांडण चाललं. माझी पगारवाढ तीन वर्षं अडली. त्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या माणसानं कपाट भिंतीत बसत नाही म्हणून तक्रार केली, ती मात्र थेट माझ्याकडे आली.

साहेबांनी त्या आठवड्यात मला न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीचं सांगितलं. ५९ मजले, १९७७ साली झालेली. एका कोपऱ्यात चर्च होतं म्हणून खालचे मोठे खांब कोपऱ्यांवर नाहीत, चारी बाजूंच्या मधोमध आहेत. इमारत उभी राहून लोक तिथे कामाला यायला लागल्यावर एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला, आणि डिझाइन करणाऱ्या विल्यम लमेजुरिए यांनी तिरक्या वाऱ्याचं गणित पुन्हा मांडलं. काही सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टनं जोडल्याचंही तेव्हा ध्यानात घ्यावं लागलं. सांध्यांचा जोर कमी पडत होता. त्यांनी ते मालकाला जाऊन सांगितलं, आणि १९७८ मध्ये रात्री-रात्री दोनशेवर सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या. शहरातली वर्तमानपत्रं तेव्हा संपावर होती म्हणून लोकांना कळलंही नाही. लोकांपासून लपवलं ते मला आजही पटत नाही. पण आपलंच गणित पुन्हा उघडायला बसणं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. बी.ई.वर थांबू नकोस. गेटची परीक्षा दे, स्ट्रक्चर्समध्ये एम.टेक. कर, नागपूरचं व्हीएनआयटी जवळ आहे, आयआयटी मिळाली तर उत्तमच. डायनॅमिक्स, म्हणजे हलत्या इमारतीचं गणित, तिथेच पक्कं होतं. पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी असतो. मी अडीच हजारांवर लागलो, त्यातले नऊशे कॉट बेसिसच्या खोलीला जायचे. कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणी तुझ्या दुप्पट कमावतील, तेव्हा वाईट वाटेल. वाटू दे. इंग्रजीचं म्हणशील तर बोलणं होतं हळूहळू, वाचणं मात्र आजपासून. आयएस १३९२० पातळ आहे, रोज एक कलम वाच आणि बाबांना वऱ्हाडीत समजावून सांग. त्यांना समजलं नाही तर तुलाही समजलेलं नाही. पन्नास मीटरच्या वरच्या काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७०० आहे, ते नंतर.

साइटवर गेलीस की लोखंड वाकवणाऱ्या बारबेंडरांशी आणि साचे बांधणाऱ्या सेंट्रिंगवाल्यांशी आधी बोल, इंजिनिअरशी नंतर. तुला पोरगी म्हणून ते पहिले आठ दिवस हसतील. नवव्या दिवशी रिंगचं अंतर टेपनं मोजून चूक दाखवलीस की हसणं थांबतं. माझ्याकडच्या दोघी मुलींनी हे करून दाखवलंय.

आता त्या टाकीकडे ये. पन्नास हजार लिटरची आहे, म्हणजे भरली की पन्नास टन पाणी. खांब किती, किती अंतरावर, आडवे बीम किती उंचीवर, हे सगळं मोजून काढ. मग दोन हिशोब कर, एक टाकी भरलेली धरून, एक रिकामी धरून. भूकंपात कोणती अवस्था वाईट आणि वाऱ्यात कोणती, ते मला सांग. दोन्हींचं उत्तर एकच येणार नाही. आणि खाली काळी माती आहे हे विसरू नकोस. उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच फुगून घराच्या भिंती उचलते. तिच्यासाठी रुरकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेनं खाली फुगा असलेले पाइल शोधून काढले, त्या फुग्याचा व्यास पाइलच्या साधारण अडीचपट असतो. आपल्या टाकीखाली काय घातलंय ते ग्रामपंचायतीच्या कपाटात नकाशा सापडला तर कळेल.

कच्चं कामही पाठव, खोडलेलं तसंच राहू दे. मी दिवाळीत येतोय तेव्हा टाकीखाली बसूनच बघू. मोजायला वर चढू नकोस मात्र. शिडीची खालची दोन पावलं गंजलीत, जूनमध्ये मी हात लावून पाहिली. सरपंचांना सांगितलं होतं, बदलली का ते तेवढं कळव.

तुझा,
काका